कोरेगाव भीमा : नदी, रस्ता आणि 'बाहेरचे'

भीमेच्या काठच्या या गावाचे दप्तरी नाव कोरेगाव भीमा. तालुका शिरूर, जिल्हा पुणे. पुण्याहून नगर रस्त्याने निघाले की अठ्ठावीस-तीस किलोमीटरवर नदीचा पूल लागतो आणि पूल ओलांडला की गाव. चळवळीत मात्र आपण 'भीमा कोरेगाव' म्हणतो. हा शब्दांचा उलटा क्रम सहज झालेला नाही. महाराष्ट्रात कोरेगावे पुष्कळ; तेव्हा गावकऱ्याला नदीचे नाव ओळख पटवण्यापुरते लागते, म्हणून ते मागून येते. आपल्या तोंडी नदी आधी येते, कारण तिच्या नावात आपल्या कानाला बाबासाहेबांचे नाव ऐकू येते. आणि कारखान्याच्या बसमधून पहाटे उतरणारा कामगार नुसते 'कोरेगाव' म्हणतो. त्याला नदीशी कर्तव्य नसते आणि इतिहासाशीही नसते; त्याला खोलीवर जाऊन पाठ टेकायची असते.

एका गावाची ही तीन नावे म्हणजे तीन गावे आहेत. पहिल्यावर ग्रामपंचायतीच्या दप्तरात लिहिले जाते. दुसऱ्यावर दरवर्षी १ जानेवारीच्या सुमारास लेख येतात, विशेषांक निघतात. तिसऱ्यावर कोणी लिहीत नाही. माझे म्हणणे असे की तिसरे गाव समजल्याखेरीज दुसऱ्याचा अर्थ पुरता लागणार नाही. या तिन्ही गावांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : इथला कोण आणि बाहेरचा कोण? हा प्रश्न १८१८ साली होता, त्याआधीच्या गावगाड्यात होता, २०१८ साली तो दगड घेऊन रस्त्यावर आला आणि आज तो खोली भाड्याने मागायला गेलेल्या पोराला आडनाव विचारतो.

१

प्रथम लढाई. ती इथे झाली याचे कारण नदी आणि रस्ता. घोडनदीकाठी शिरूरला कंपनी सरकारची छावणी होती. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली, त्याच महिन्यात पुणे कंपनीच्या हाती गेले आणि दुसरा बाजीराव फौजेसह फिरतीवर निघाला. तो पुण्यावर चालून येतो आहे असे वाटल्याने पुण्याच्या इंग्रज अधिकाऱ्याने शिरूरहून कुमक मागवली. ३१ डिसेंबरच्या रात्री कॅप्टन स्टाँटन निघाला. त्याच्याबरोबर मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीच्या पहिल्या रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीचे सुमारे ५०० शिपाई, अडीचशे-तीनशे घोडेस्वार, मद्रास तोफखान्याचे मूठभर गोलंदाज आणि दोन तोफा होत्या. रात्रभर चालून सकाळी ही तुकडी भीमेजवळ आली तेव्हा पलीकडे पेशव्याचा तळ पडलेला दिसला. एकूण फौज २८,००० च्या आसपास सांगितली जाते. प्रत्यक्ष हल्ल्यास आल्या त्या अरब, गोसावी आणि कवायती पायदळाच्या तुकड्या. स्टाँटनने कोरेगावच्या घरांचा आणि भिंतींचा आसरा घेतला. दिवसभर गल्लीबोळांतून लढाई झाली. कंपनीकडचे मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून २७५ भरले.

या वर्णनातली एक गोष्ट आपल्या वक्त्यांकडून नेहमी निसटते. ती पाण्याची. रात्रभर चाललेले, अन्न पोटात न गेलेले शिपाई दिवसभर पाण्यावाचून लढले. नदी हाकेच्या अंतरावर होती, पण काठ शत्रूच्या माऱ्याखाली होता. अंधार पडून हल्ल्याचा जोर ओसरल्यावर कुठे त्यांच्या घशाला पाणी लागले. रात्री नऊच्या सुमारास गोळीबार थांबला.

नदी समोर आणि पाणी वर्ज्य, हा अनुभव त्या पलटणीतल्या काही शिपायांना काही नवा नसेल. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला या जागी आले आणि त्याच वर्षी २० मार्चला महाडला चवदार तळ्याच्या काठी उतरले. मध्ये ७८ दिवस. एकाचा दुसऱ्याशी कार्यकारणसंबंध होता असे मी म्हणत नाही. त्यासाठी पुरावा लागेल. पण एकाच माणसाने एकाच वर्षी प्रथम त्या काठावर आदराने उभे राहावे आणि मग दुसऱ्या काठावर ओंजळ भरावी, यात आपल्या इतिहासाचा एक धागा आहे. पहिल्या काठावर आपले पूर्वज दुसऱ्याच्या पगारावर लढले. दुसऱ्या काठावर आपण स्वतःसाठी लढलो. पहिल्याचा अभिमान दुसऱ्याच्या उजेडातच धरला पाहिजे.

लढाईचा निकाल काय लागला, यावर दरवर्षी वाद होतो. पेशव्याची फौज गाव घेऊ शकली नाही आणि जनरल स्मिथ येतो आहे हे कळताच निघून गेली. स्टाँटन पुण्यास न जाता जखमींसह शिरूरला परतला. पेशवाई त्या एका दिवसात बुडाली नाही. २० फेब्रुवारी १८१८ ची आष्टीची लढाई अजून व्हायची होती आणि बाजीराव जूनमध्ये माल्कमच्या स्वाधीन झाला. हे सारे आपण विद्यार्थ्यांना सरळ सांगितले पाहिजे. आपली बाजू खरी आहे, तर तिला फुगवलेल्या आकड्यांची टेकू कशाला?

२

आता स्तंभ. तो कोरेगावात नाही, नदीच्या पुण्याकडच्या अंगाला आहे. महसुली हिशेबाने हवेली तालुक्यातील पेरणे गावच्या हद्दीत. गाव एका काठावर आणि आठवण दुसऱ्या काठावर! पायाचा दगड २६ मार्च १८२१ ला बसला. लेख इंग्रजीत आणि मराठीत आहे. पूर्वेकडील ब्रिटिश फौजेने मिळवलेल्या मोठ्या यशांपैकी हे एक, असा त्याचा मथितार्थ. मृतांच्या यादीत ४९ नावे आहेत आणि त्यांतली २२ 'नाक'ने संपणारी. या 'नाक'वरूनच आपण आपली माणसे ओळखतो. बाकीची नावे मराठ्यांची, राजपुतांची, मुसलमानांची, ज्यूंची. दगडावर जात लिहिलेली नाही. कंपनीने स्तंभ आपल्या कीर्तीसाठी उभारला. आपल्या पूर्वजांची नावे त्यावर आली ती त्या कीर्तीचा खर्च म्हणून.

हे कडू वाटेल, पण पुढे काय झाले ते पाहा. ज्यांची नावे दगडावर कोरली त्यांच्याच नातवंडांना १८९२-९३ च्या सुमारास लष्कराची दारे बंद झाली. 'लढाऊ' जाती कोणत्या आणि 'बिनलढाऊ' कोणत्या, हे सरकारने ठरवून टाकले. १८९४ साली गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज केला. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी थेट विलायतेच्या भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ साली महारांची पलटण उभी केली आणि गरज सरताच १९२१ साली मोडून टाकली. महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ साली, दुसऱ्या महायुद्धात. तिच्या टोपीवरील बिल्ल्यावर आरंभी याच स्तंभाचे चित्र होते.

शिवराम जानबांनी स्तंभाजवळ सभा भरवल्या त्या या भरतीच्या मागणीसाठी. १९२७ साली बाबासाहेब आले तेही याच प्रश्नाच्या संदर्भात बोलले : ज्यांच्या बळावर राज्य मिळवले त्यांनाच दाराबाहेर उभे करणारे सरकार कृतघ्न आहे. म्हणजे स्तंभापुढे जमण्याची आपली परंपरा आरतीची नाही, तक्रारीची आहे. दगडावरच्या आपल्या नावांकडे बोट दाखवून हक्क मागण्याची ती परंपरा आहे. जानेवारीतल्या गर्दीत हे विसरले जाते आणि मग स्तंभाचा देव्हारा होतो.

आनंद तेलतुंबडे यांनी २०१८ साली लिहिले की ही लढाई जातीविरुद्धची होती म्हणणे ही मिथककथा आहे आणि मिथके शेवटी अस्मितेच्याच भिंती पक्क्या करतात. शिपाई पगारासाठी लढले, हे खरे. परंतु गावगाड्यात ज्याला पगार नव्हता, बलुते होते. हुकूम होता, करार नव्हता. त्याच्या हातात महिन्याचा रोख पगार पडणे ही साधी गोष्ट नव्हती. लष्करात शाळा होत्या. त्या शाळांनी सुभेदार रामजी घडवले. 'पोटासाठी गेले' या शब्दांत जो तुच्छतेचा सूर आहे तो बाहेरचा आहे. आपल्याला पोटासाठी गावाबाहेर जाता येणे हीच मोकळीक होती.

३

इथे गावाचा प्रश्न येतो. गावकुसाबाहेर राहणारा महार वतनदार होता, ही मोठी क्रूर थट्टा आहे. सरकारी वसूल पोचवणे, अंमलदाराच्या घोड्यापुढे धावणे, सांगावा नेणे, मेलेली जनावरे ओढणे ही त्याची कामे. पण याखेरीज एक काम त्याच्याकडे होते ते मोलाचे होते. गावची शीव त्याला ठाऊक असे. दोन गावांत हद्दीचा तंटा पडला की महाराची साक्ष काढत. गाव कुठे संपते हे ज्याला सर्वांत नीट माहीत, त्यालाच गावात घर नाही!

वतनाने महार गावाला बांधला गेला आणि विटाळाने गावाबाहेर ठेवला गेला. दोन्ही दोर एकाच वेळी ओढलेले. म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक आणले. वतने कायद्याने गेली ती त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५८ च्या कायद्याने. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्याविषयी त्यांनी जे कठोर उद्गार काढले, त्यांच्यामागे हा दुहेरी दोर होता. खेड्याला आदर्श मानणाऱ्यांना ते झोंबले. पण गावगाड्याने ज्याला आत घेतलेच नाही, त्याने गावाच्या प्रेमात का पडावे?

रस्ता हे त्यावरचे उत्तर होते. शिपाई रस्त्याने गेला, गिरणीकामगार रस्त्याने गेला. दौंड-मनमाड रेल्वे १८७८ साली सुरू झाली ती शिरूर आणि कोरेगाव बाजूला टाकून. म्हणून या पट्ट्यात रस्ता हाच राजा राहिला. १८१७ च्या त्या रात्री पलटण ज्या दिशेने चालत आली, त्याच पट्ट्यात आज रांजणगावची औद्योगिक वसाहत, शिक्रापूर, सणसवाडी आणि कोरेगाव आहे.

४

आता तिसरे गाव. सणसवाडी आणि कोरेगावच्या शिवारात कारखाने आले, ज्वारी-बाजरीची आणि उसाची राने बिगरशेती झाली. शेतमालकाने उरलेल्या तुकड्यावर ओळीने खोल्या बांधल्या. दहा बाय दहाची खोली, पत्र्याचे छप्पर, पाच-सहा बिऱ्हाडांत एक संडास. या खोल्यांत मराठवाड्याचा, विदर्भाचा, बिहारचा, उत्तर प्रदेशचा माणूस राहतो. कोणी इथल्याच कारखान्यात जातो, कोणी कंपनीच्या बसने रांजणगावला, कोणी वाघोली-खराडीकडे. पहाटे फाट्यावर उभे राहिले की एका दिशेला जाणारे आणि दुसऱ्या दिशेहून येणारे एकमेकांना ओलांडताना दिसतात. सकाळची पाळी, दुपारची पाळी, रात्रपाळी. गाव चोवीस तास जागे असते आणि तरी शेजाऱ्याला शेजारी ओळखत नाही.

मीही या ये-जा करणाऱ्यांतलाच. माझे वडील बीड जिल्ह्यातून या पट्ट्यात कंत्राटी कामगार म्हणून आले. घरातला पहिला पदवीधर मी. आज याच रस्त्यावरच्या एका कॉलेजात इतिहास शिकवतो. माझ्या वर्गातली अर्धी मुले खोल्यांवरची आहेत. त्यांच्या वडिलांच्या हाती कायमची ऑर्डर नाही. काही महिने भरले की ठेकेदार बदलतो, ओळखपत्र बदलते, माणूस तोच आणि यंत्र तेच. बारा-बारा तासांची पाळी 'ओव्हरटाइम' या गोड नावाने चालते. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सभासद असताना, १९४६ च्या फॅक्टरी कायद्याच्या दुरुस्तीने आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. १ जानेवारीला स्तंभापुढे उभा राहणारा आपला तरुण २ जानेवारीला बारा तासांच्या पाळीवर जातो. बाबासाहेबांच्या ४८ तासांविषयी त्याला कोणी सांगितलेले नसते.

ठेकेदाराच्या व्यवस्थेत जात मरत नाही, रूप बदलते. सफाई, रंगाची टाकी, ओतकाम, मैल्याची टाकी इथे कोण दिसतात? आणि हिशेबाच्या टेबलाशी कोण? १२ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला अस्पृश्य रेल्वे कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले. आपण पहिल्यावर भरपूर बोलतो. दुसऱ्याचे नाव काढले की आपल्याच सभेत काही जण घड्याळाकडे पाहतात.

खोलीचे सांगतो. मला स्वतःला एका घरमालकाने भाडे ठरवले, अनामत सांगितली आणि शेवटी आडनाव विचारले. आडनाव सांगितल्यावर त्याला आठवले की खोली पुतण्यासाठी ठेवायची आहे. यात काही नवल नाही. वाचकांपैकी कित्येकांनी हे सोसले असेल. नवल याचे की त्याच ओळीत बिहारच्या कामगारालाही 'बाहेरचा' म्हणून जास्त भाडे सांगितले जाते. तो आणि मी दोघेही बाहेरचे. फक्त माझे बाहेरचेपण जन्माचे आणि त्याचे रेल्वेच्या तिकिटाचे. ही दोन बाहेरची माणसे एकमेकांना ओळखतील त्या दिवशी या पट्ट्याचे राजकारण बदलेल.

आणि नदी? कोरेगावच्या वर तुळापूरला इंद्रायणी भीमेला मिळते. देहू-आळंदीची इंद्रायणी, तुकोबांची. ती पिंपरी-चिंचवडचे आणि त्या पट्ट्यातील कारखान्यांचे सांडपाणी घेऊन येते. आळंदीच्या घाटावर पाण्यावर फेस तरंगतो, त्याचे फोटो वर्तमानपत्रांत येतात. तेच पाणी पुढे कोरेगावच्या काठाने वाहते. एके काळी अस्पृश्याच्या सावलीने पाणी बाटत असे. आज सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पाणी बाटते आहे, आणि कोणी प्रायश्चित्त घेत नाही! ज्याच्या घरी पैसा आहे तो जार विकत घेतो. खोल्यांवरच्या बायका टँकरची वाट पाहतात. १८१८ साली काठावर तहानलेले शिपाई होते. काठ आजही तहानलेलाच आहे.

५

२०१८ चे प्रकरण टाळून या गावावर लिहिता येत नाही. लढाईचे दोनशेवे वर्ष होते. २९ डिसेंबर २०१७ रोजी जवळच्या वढू बुद्रुक येथे गोविंद गायकवाड यांच्या समाधीजवळच्या फलकावरून तणाव झाला. संभाजी महाराजांच्या अंत्यसंस्काराशी या महार पुरुषाचे नाव परंपरेने जोडलेले आहे आणि ते नाव फलकावर असणे काहींना सहन झाले नाही. १ जानेवारीला रस्त्यावर दगडफेक झाली, गाड्या-दुकाने जळली, एका तरुणाचा जीव गेला. ३ जानेवारीला महाराष्ट्र बंद झाला. फेब्रुवारीत निवृत्त मुख्य न्यायमूर्ती जे. एन. पटेल यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला गेला. ३१ डिसेंबर २०१७ च्या शनिवारवाड्यावरील एल्गार परिषदेच्या प्रकरणात जून २०१८ पासून १६ जणांना अटक झाली; त्यांतले फादर स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ रोजी कोठडीत असतानाच वारले.

या घटनाक्रमातला एक शब्द मला सोडत नाही. दंगलीनंतर सर्व बाजूंनी एकच बोलले गेले : हे बाहेरच्यांनी केले. गाव म्हणाले, आमचा सलोखा होता, बाहेरच्यांनी बिघडवला. स्तंभाकडे येणाऱ्यांना बाहेरचे म्हटले गेले. दगड मारणारेही बाहेरचे ठरले. सगळेच बाहेरचे असतील तर गावात कोण होते? सलोखा होता म्हणणे सोपे. पण ज्याच्या आधारे सलोखा टिकतो त्या हिशेबात कोण गप्प बसत होते, हे विचारल्याशिवाय सलोख्याला अर्थ नाही. गावातल्या दलित कुटुंबांनी त्या दिवसानंतर काय सोसले, हे लाखांच्या गर्दीने परत जाताना विचारले का? गर्दी संध्याकाळी घरी जाते; राहणाऱ्याला दुसऱ्या दिवशी त्याच दुकानात मीठ-तेल आणायचे असते. ३६४ दिवस या गावात राहणाऱ्या आपल्या माणसाची जबाबदारी एका दिवसाच्या चळवळीवर आहे. ती घेण्याइतके संघटन आपल्यापाशी नाही, हे मान्य करून पुढचे पाऊल टाकले पाहिजे.

६

ते पाऊल कोणते? माझ्यासारख्या शिक्षकाला सुचते ते सांगतो.

पहिले, या पट्ट्यातील गावांचा आपला इतिहास लिहून काढला पाहिजे. महारवाडा कुठे होता, वतनाच्या जमिनीचे १९५८ नंतर काय झाले, ती कोणाच्या नावावर गेली, तिच्यावर आज कारखाना आहे की खोल्या, हे सातबारा आणि फेरफार पाहून कळते. म्हाताऱ्या माणसांना विचारून कळते. शीव ज्यांना ठाऊक होती त्यांची नातवंडे अजून आहेत. कॉलेजच्या मुलांना हे काम देता येते.

दुसरे, खोल्यांवरच्या माणसांची गोष्ट टिपली पाहिजे. कोण कुठून आला, कोणत्या ठेकेदाराकडे किती वर्षे राबला, हात कोणत्या प्रेसमध्ये गेला, भरपाई मिळाली की नाही. आणि त्यांच्या बायका : घरकाम, पॅकिंग, कँटीन, मजूर अड्डा. यांच्यावाचून या गावाचा एक दिवस निघत नाही.

तिसरे, १ जानेवारीला जमणाऱ्या लाखोंच्या सभेत शिवराम जानबांची रीत परत आणली पाहिजे. मानवंदना द्यावी, अवश्य द्यावी. पण प्रत्येक वर्षी एक ठोस मागणी घेऊन तिथून उठावे : या पट्ट्यातील कंत्राटी कामगारांना कायम करा, भीमेचे पाणी पिण्याजोगे करा, भाड्याच्या घरात जात विचारणाऱ्यावर कारवाई करा. एका वर्षी एक.

स्तंभावर ४९ नावे आहेत. ती टिकली, कारण कोणीतरी यादी ठेवली होती. लढाईसाठी का होईना, कंपनीला शिपायाचे नाव हजेरीपटावर ठेवावे लागत असे. आजच्या कंत्राटी कामगाराचे नाव मुख्य कारखान्याच्या पटावर नसते. ते ठेकेदाराच्या वहीत असते आणि ठेकेदार बदलला की वहीही जाते. दोनशे वर्षांनी या काठावर कोण राहत होते हे शोधू पाहणाऱ्याला हजारोंच्या जागी कोरी पाने सापडतील. ती पाने भरण्याचे काम दगडाचे नाही, आपले आहे. ज्यांना वाचता-लिहिता येऊ लागले त्या आपल्या पहिल्या-दुसऱ्या पिढीचे आहे.